डायमंड बीचवर फोटो हलतात, धुरकट येतात, बर्फ राखाडी दिसतो: आधी बिघाड ओळखा, मग सेटिंग बदला

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरून परतलेल्या मंडळींची तक्रार ठरलेली असते. ट्रायपॉड होता, रिमोट होता, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० होता, लेन्सही महागातली होती, तरी काळ्या वाळूवरच्या बर्फाचे फोटो शार्प का नाहीत? मोबाइलवर झकास दिसतात, लॅपटॉपवर मोठे केले की सगळं मऊ. मग कुणी लेन्स सर्व्हिसिंगला देतं, कुणी शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) बदलून बघतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

माझं मत सरळ आहे. या किनाऱ्यावर बिघडणाऱ्या बहुतेक फोटोंचं कारण कॅमेऱ्यात नसतं. ते ट्रायपॉडच्या पायाखाली असतं, नाहीतर लेन्सच्या काचेवर. आणि नेमकं कुठे आहे हे बिघडलेला फोटोच सांगतो, फक्त तो १०० टक्के मोठा करून नीट बघायला हवा. म्हणून डिलीट करण्यापूर्वी हे बघा:

वाळू, बर्फ आणि क्षितिज सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर ट्रायपॉड खचला.
वाळूचे कण शार्प, पण बर्फाच्या कडा दुहेरी असतील, तर बर्फ हलला.
कडा ठीक, पण उजेडाच्या जागी धुरकट वलय आणि एकूण फोटो फिका असेल, तर काचेवर मीठ आहे.
मागचा डोंगर किंवा लाट शार्प आणि समोरचा बर्फ मऊ असेल, तर फोकस चुकला.

रंग आणि एक्स्पोजरची (सेन्सरवर किती उजेड पडला याची) तक्रार वेगळी, ती पुढे घेतो.

जागा कशी आहे

वात्नायोकुल हा आइसलँडमधला बर्फाचा सर्वांत मोठा थर. त्यातून खाली उतरणारी ब्रेइदामेर्कुरयोकुल ही हिमनदी मागे हटू लागली, तसा तिच्या पुढ्यात १९३० च्या दशकात योकुल्सारलोन हा तलाव साचू लागला. आज तो सुमारे अडीचशे मीटर खोल आहे. हिमनदीचे कडे तुटून तलावात पडतात, तुकडे तरंगत समुद्राच्या बाजूला येतात आणि जेमतेम काहीशे मीटर लांबीच्या नदीतून बाहेर निघतात. नदीवर १९६७ चा पूल आहे, त्यावरून देशाला वळसा घालणारा १ नंबरचा रस्ता जातो. बाहेर पडलेला बर्फ अटलांटिकच्या लाटा पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. तोच डायमंड बीच. नदीमुळे त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडलेत आणि दोन्हीकडे गाडी लावायला जागा आहे.

फोटोच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. भरतीला समुद्राचं पाणी नदीतून उलटं तलावात शिरतं, ओहोटीला तलावाचं पाणी बर्फ घेऊन बाहेर धावतं. लाटांनी वर ढकललेले मोठे तुकडे पाणी उतरलं की वाळूवर रुतून बसतात. म्हणून माझी पसंती पूर्ण भरती होऊन गेल्यानंतर तास-दीड तासाने सुरुवात करण्याला. तेव्हा तुकडे बसलेले असतात, लाटा त्यांच्यापर्यंत अजून पोहोचत असतात, आणि एकूण पाणी मागे जात असतं. चढत्या पाण्यात उभं राहणं म्हणजे दर दहा मिनिटांनी बस्तान हलवणं.

कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचं भांग (कमी चढ-उताराची भरती) तिथेही लागू पडतं, चंद्र काही वेगळा नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हेही तेच. फक्त तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढायचा आपला हिशोब तिथे चालवू नका. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते, ती तिथल्याच तक्त्यातून घ्यायची.

कॅमेरा काढण्याआधी

वाळूच्या उंचवट्यावर उभं राहून किमान पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा. हातात कॅमेरा नको, कारण कॅमेरा असला की बघणं होत नाही. सात-आठ लाटा एका रेषेपर्यंत येतात आणि मग एक लाट त्या रेषेच्या कितीतरी वर चढते. ओल्या वाळूची सर्वांत वरची कड कुठे आहे ते हेरून ठेवा. बॅग त्या कडेच्या खाली जमिनीवर ठेवायची नाही, पाठीवरच असू द्या.

लाटांच्या अंदाजात उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतर बघायचं असतं. दोन मीटर उंचीची लाट सहा सेकंदांनी येते तेव्हा वाऱ्याने उठलेली फुटकळ लाट असते. तीच तेरा-चौदा सेकंदांनी येत असेल तर ती लांबून, वादळातून निघालेली असते, पाणी भरपूर घेऊन येते आणि वाळूवर खूप वर चढते. बघायला समुद्र शांत वाटतो, ती खरी धोक्याची वेळ. व्हीक गावाजवळच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर अशाच लाटांनी पर्यटकांचे जीव घेतलेत. तिथे आता लाटांप्रमाणे रंग बदलणारे इशाऱ्याचे दिवे आहेत. डायमंड बीच त्याच महासागराला तोंड करून आहे, आणि इथे पाण्यात वर बर्फाचे ठोकळे असतात. एक मीटर लांब, रुंद, उंच तुकड्याचं वजन ९०० किलोंच्या वर जातं. लाट तो सहज फिरवते. त्यामुळे तुकडा आणि समुद्र यांच्यामध्ये उभं राहायचं नाही, तुकड्याच्या पाठीमागे चिकटूनही नाही. बाजूला, तिरकं उभं राहायचं. तुकड्यावर चढून फोटो काढणाऱ्यांबद्दल काय बोलावं! नदीच्या मुखापाशी ओढ भयानक असते, तिकडे पाण्यात पाऊलही नको.

दोघं असाल तर एकाने फक्त समुद्राकडे बघायचं. एकटे असाल तर वाइड लेन्स (जवळून रुंद दृश्य टिपणारी) घेऊन पाण्यात उतरायचंच कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा. त्याला दुसरा पर्याय आहे, तो पुढे सांगतो.

बिघाड पहिला: ट्रायपॉड खचतो

सगळ्यांत जास्त फोटो यातच जातात, म्हणून याला वेळ देतो.

ही काळी वाळू म्हणजे बसाल्टचा चुरा. नुसती ओलसर असताना घट्ट वाटते. लाट आली की कणांमध्ये पाणी भरतं, वाळू सैल होते, आणि परतीचं पाणी ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाभोवती रवीसारखं घुसळत खड्डा करतं. पाय खाली जातो. तिन्ही पाय सारखे जात नाहीत. समुद्राच्या बाजूचा जास्त जातो. म्हणून फोटोतली ओढ बहुतेक वेळा खाली आणि थोडी तिरकी असते. तुम्ही अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर देता तेव्हा कॅमेरा त्या अर्ध्या सेकंदात एखाद-दुसरा मिलिमीटर सरकतो किंवा झुकतो. तेवढं पुरतं.

खात्री करायची असेल तर एकाच लाटेत ओळीने काढलेले चार-पाच फोटो एकामागून एक पटपट पुढे न्या. क्षितिजाची रेषा वर-खाली सरकली किंवा कलली, तर निदान पक्कं. लेन्सला दोष देऊ नका.

उपाय असा. ट्रायपॉड ठेवायचा नसतो, रोवायचा असतो. तिन्ही पाय ओल्या वाळूत दाबून, थोडं डावीकडे-उजवीकडे फिरवत, आत जायचं थांबेपर्यंत ढकला. निदान वीतभर तरी गेले पाहिजेत. मग दोन-तीन लाटा नुसत्या जाऊ द्या. त्या पायांना आणखी खाली बसवतील. त्यानंतर पुन्हा एकदा वरून दाबा, आणि मगच फ्रेम लावा, लेव्हल बघा. लोक उलट करतात: आधी सुंदर फ्रेम लावतात, मग लाट येते, फ्रेम वाकडी होते, घाईघाईत सरळ करतात तोवर दुसरी लाट.

पाय थोडे जास्त फाकवा आणि ट्रायपॉड बुटका ठेवा. कंबरेच्या खाली कॅमेरा असला की बर्फही मोठा दिसतो. मधला दांडा वर काढायचा नाही, हे सांगायला नको. दांड्याच्या हुकला बॅग लटकवायची सवय इथे सोडा. लाट बॅगेला धक्का देते आणि बॅग ट्रायपॉडला.

सगळ्यांत खालचा, बारीक भाग थोडा तरी बाहेर काढाच, निदान दोन विती. त्याचं लॉक वाळूच्या आणि पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. उरलेली उंची वरच्या जाड भागांतून घ्या. खालचा भाग पूर्ण मिटून ट्रायपॉड रोवला तर लॉकमध्ये वाळू जाते, आणि संध्याकाळी हॉटेलवर तो पाय मिटत नाही, उघडतही नाही. ज्यांना वारंवार असे फोटो काढायचेत त्यांनी रबराच्या बुटांऐवजी लांब अणकुचीदार टोकं लावून घ्यावीत. एका सहलीसाठी तो खर्च करू नका.

फोटो कधी घ्यायचा हेही याच्याशी जोडलेलं आहे. लाट येताना धडक देते, पाणी गढूळ असतं, फेसाला आकार नसतो. ती थांबते, क्षणभर स्थिर होते आणि मागे फिरते. मागे फिरताना बर्फाच्या दोन्ही बाजूंनी फेसाच्या लांब रेघा समुद्राकडे धावतात. हवा तो फोटो इथे असतो. पण पाय खचण्याचा जोरही याच वेळी सर्वांत जास्त. म्हणून पाणी वळलं की लगेच, पहिल्या एक-दोन सेकंदांत घ्या. शेवटच्या पातळ पाण्याची वाट बघितली तर तोवर ट्रायपॉड हललेला असतो.

शटर स्पीड पाव सेकंद ते एक सेकंद. पाव सेकंदात रेघा तुटक पण जोरकस येतात, एका सेकंदात लांब आणि मऊ. दोन-तीन सेकंदांच्या पुढे सगळ्याचं धुकं होतं. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर काढावं, पण मग ट्रायपॉड स्थिर राहण्याची आशा कमी ठेवावी. मी स्वतः अर्ध्या सेकंदाच्या पुढे क्वचित जातो. कंटिन्युअस मोडवर (सलग फोटो काढण्यावर) कॅमेरा, हातात रिमोट, आणि एका परतीच्या लाटेत चार-पाच फोटो. त्यातला एखादा तरी पायांच्या दोन धक्क्यांच्या मधला निघतो.

पहाटेच्या उजेडात एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) आणि आयएसओ १०० वर अर्धा सेकंद आपोआप मिळतो, फिल्टर लागत नाही. सूर्य वर आला की ६ स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळा फिल्टर; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावा: १/६० चं एक सेकंद होतं. १० स्टॉपचा इथे काही उपयोग नाही. आणि एनडी नाही म्हणून एफ/२२ वर जाऊ नका. तिथे प्रत्येक लेन्स मऊ होते, आणि काचेवरचा प्रत्येक थेंब उठून दिसतो.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं भरून काढणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा.

बिघाड दुसरा: ट्रायपॉड स्थिर, पण बर्फ हलतो

इथे थोडं भौतिकशास्त्र कामाला येतं. बर्फाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली राहतो. म्हणजे एक फूट उंचीचा चपटा तुकडा अकरा इंच पाण्यात तरंगायला लागतो. तेवढं पाणी मध्यम लाटेतही येतं. त्यामुळे पाण्याच्या काठाशी पडलेले ते देखणे, स्वच्छ, हातभर तुकडे लांब एक्स्पोजरसाठी कुचकामाचे. प्रत्येक लाटेत ते डुलतात.

निवडा तो तुकडा ज्याच्या अर्ध्या उंचीपर्यंतही लाट पोहोचत नाही. वर निमुळते सुळके आणि खाली रुंद पाया असलेला तुकडा फसवतो, कारण त्याचं बरंचसं वजन खालीच असतं. तो त्याच्या उंचीच्या मानाने लवकर उचलला जातो. तीन-चार लाटांत त्याच्याकडे बघत राहा. बुडाशी वाळूचा खड्डा तयार होऊन तुकडा एका बाजूला कलू लागला असेल तर पाच मिनिटांत तो उलटणार. तिथून दूर व्हा, फोटोसाठी नाही, पायांसाठी.

लहान तुकडाच हवा असेल तर वरच्या, फक्त पातळ पाणी पोहोचणाऱ्या पट्ट्यातला घ्या. एखादा तुकडा उचलून फ्रेममध्ये आणून ठेवणं काहींना वावगं वाटतं. मला वाटत नाही. पण ठेवलेला तुकडा वाळूत रुतलेला नसतो, त्यामुळे पहिल्याच पाण्यात निघून जातो. हलला नाही तरी त्याच्याखाली सपाट, न कोरलेली वाळू दिसते आणि फोटो खोटा वाटतो. एवढ्या कष्टाला अर्थ नाही.

बिघाड तिसरा: काचेवरचं मीठ

लाट फुटते तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. दहा मिनिटांत पुढच्या काचेवर खाऱ्या पाण्याचा थर बसतो. फोटो फिका होतो, सूर्य समोर असेल तर सगळीकडे दुधाळ डाग. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हे दिसत नाही. टॉर्च तिरका धरून काच बघा, लगेच कळेल.

इथे लोक करतात ते म्हणजे कोरड्या कापडाने पुसणं. मीठ पसरतं, वलय आणखी वाढतं, आणि कापडात वाळूचा कण असेल तर ओरखडा कायमचा. क्रम असा ठेवा: आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, मग कोरड्याने. ओली आणि कोरडी कापडं वेगळ्या खिशांत, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. एक कापड एकदाच वापरायचं असं धरून चाला, म्हणजे दहा-बारा लागतात. गोड्या पाण्याची छोटी बाटली खिशात असू द्या. खिशात म्हणजे आतल्या खिशात. बाहेर ती गोठते.

समोर साधा यूव्ही फिल्टर लावण्याबद्दल एरवी कितीही वाद असोत, या किनाऱ्यावर तो लावाच. ओरखडा काचेऐवजी त्याच्यावर जाईल.

दोन लाटांच्या मध्ये कॅमेरा झाकायला हॉटेलच्या बाथरूममधली शॉवर कॅप सर्वांत सोयीची. एका हाताने चढते, एका हाताने निघते, फुकट मिळते. कॅप नसेल तर लेन्स खाली झुकवून कॅमेऱ्याची पाठ समुद्राकडे करा. कॅमेऱ्याची पाठ, तुमची नाही.

वाऱ्याची दिशा निम्मा प्रश्न सोडवते किंवा वाढवते. उत्तरेचा वारा हिमनदीवरून समुद्राकडे वाहतो, तुषार परत ढकलतो, लाटांच्या माथ्यावरून मागे केस उडाल्यासारखा फवारा निघतो. थंडी जास्त, पण काच स्वच्छ. दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा वारा थेट तोंडावर. आइसलँडच्या हवामान खात्याचा अंदाज मीटर प्रति सेकंदात असतो; १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. १५ च्या वर गेला की ट्रायपॉड बाहेर काढू नका आणि गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. वाऱ्याने उलटं वळलेलं दार हे त्या देशातलं भाड्याच्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं आहे, आणि भरपाई खिशातून जाते. कोरड्या वाऱ्यात उडणारी वाळू तर काच आणि गाडीचा रंग दोन्ही खरवडते.

बिघाड चौथा: फोकस

थोडक्यात. ऑटोफोकस पारदर्शक बर्फावर गोंधळतो, आरपार मागचं काहीतरी धरतो. कंटिन्युअस फोकसवर असाल तर फेसामागे धावतो. बर्फात अडकलेल्या राखेच्या काळ्या रेषेवर किंवा वाळूला टेकलेल्या कडेवर फोकस घ्या आणि मॅन्युअल करून सोडून द्या. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरची लेन्स, एफ/११ आणि फोकस ८० सेंटिमीटरवर ठेवला की चाळीस सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. बर्फ त्याहून जवळ असेल तर पाणी थांबण्याआधी एक फोटो बर्फावर फोकस करून वेगळा काढा.

जाता जाता: बर्फातले ते काळे पट्टे आणि ठिपके म्हणजे ज्वालामुखीची राख आणि हिमनदीने खरवडलेला गाळ. सेन्सरवरची धूळ समजून एडिटिंगमध्ये पुसत बसू नका.

बिघाड पाचवा: बर्फ पांढराफट्ट, वाळू राखाडी, निळा रंग गायब

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणू बघतो. फ्रेमचा मोठा भाग काळी वाळू असली की तो एक्स्पोजर वाढवतो. वाळू राखाडी होते आणि बर्फाचे चमकते कोपरे जळून जातात, म्हणजे नुसते पांढरे उरतात. जळालेला बर्फ रॉ फाइलमधूनही (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतूनही) परत येत नाही. पाऊण ते एक स्टॉप कमी करून सुरुवात करा आणि हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड बघा, तीही तिन्ही रंगांची वेगवेगळी. आकाश फ्रेममध्ये मोठं असेल तर हाच हिशोब उलटा होतो, म्हणून आकडा पाठ करू नका. वाळू काळीच राहू द्या. एडिटिंगमध्ये सावल्या उचलून तिचा प्रत्येक कण दाखवायचा मोह होतो. मग बर्फाची चमक उरत नाही.

वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो जोडायची युक्ती इथे फसते, कारण तिन्हींत लाट वेगळी असते. आकाशासाठी एक वेगळा फोटो काढून क्षितिजाच्या वर जोडला तर चालतं.

निळ्या रंगाचं असं. दाट बर्फातून जाताना प्रकाशातला लाल भाग जास्त शोषला जातो, निळा उरतो. हिमनदीच्या दाबाने हवेचे बुडबुडे जितके पिळून निघालेले, तितका रंग गडद. पाण्यातून नुकताच वर आलेला किंवा नुकताच तुटलेला तुकडा म्हणून निळा दिसतो. उन्हात-वाऱ्यात पडून राहिला की पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात, प्रकाश आत जाण्याआधीच विखुरतो आणि तुकडा पांढरा दिसू लागतो. तेव्हा निळा हवा तर पाण्याच्या जवळचे, लाटांनी धुतलेले तुकडे शोधा. एक्स्पोजर वाढवून किंवा रंगाचा स्लायडर ओढून तो येत नाही; आला तर प्लॅस्टिकचा येतो.

ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) उरलासुरला निळा पुसून टाकतो. ५२०० केल्व्हिनच्या आसपास हाताने ठेवा आणि सगळे फोटो त्याच आकड्यावर काढा. निदान एडिटिंगला बसल्यावर प्रत्येक फोटो वेगळ्या रंगाचा तरी नसतो.

पोलरायझरबद्दल लोकांचं मत माझ्याहून वेगळं असतं. ओल्या वाळूवरची चमक कमी करून तो बर्फाच्या आतलं दाखवतो, हे खरं. पण पहाटेचा गुलाबी रंग त्या ओल्या वाळूवरच तर पडलेला असतो. तो पुसून काय मिळवायचं? मी तो बॅगेत ठेवतो. ढगाळ दुपारी, जवळून बर्फाच्या आतल्या भेगा टिपायच्या असतील तेव्हाच काढतो.

सूर्य कुठे असतो तेही बघून जा. डिसेंबरच्या अखेरीस तो सकाळी अकराच्या सुमारास उगवतो, दुपारी साडेतीनच्या आत मावळतो आणि सगळा वेळ समुद्राच्या बाजूला, खालीच रेंगाळतो. बर्फातून आरपार उजेड मिळायला याहून चांगली स्थिती नाही. जूनमध्ये तो ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणजे दोन्ही वेळा जमिनीच्या बाजूला. "फोटोत असतो तसा उजेड मिळाला नाही" म्हणणारे बहुतेक उन्हाळ्यात गेलेले असतात.

समुद्र खवळलेला असेल तर

वाइड लेन्स आणि ट्रायपॉड गाडीत ठेवा. ७०-२०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्या, उंचवट्यावर उभे राहा आणि काठावरच्या मोठ्या हिमनगांवर फुटणाऱ्या लाटा टिपा. १/१००० सेकंद, एफ/५.६, आयएसओ लागेल तेवढा. वाळूची अडचण नाही, तुषार कमी, पाय कोरडे, आणि फोटो असा की शेजारी उभ्या असलेल्या पंधरा जणांकडे नसतो. एकट्या माणसासाठी म्हणालो होतो तो पर्याय हाच. वाइड लेन्सने काळ्या वाळूवर निळा बर्फ हा फोटो आता इतक्यांनी काढलाय की तो नाही मिळाला तरी फार बिघडत नाही.

परतल्यावर

कार्ड आणि बॅटऱ्या बाहेरच काढून घ्या आणि कॅमेरा बॅगेत ठेवून चेन लावा. मगच गरम खोलीत न्या. तासा-दोन तासांनी उघडा, नाहीतर थंड काचेवर आणि आतही दव साचतं. सुट्या बॅटऱ्या दिवसभर अंगालगतच्या खिशात हव्यात. थंडीत संपलेली दिसणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते.

ट्रायपॉडचे पाय मिटण्याआधी शॉवरखाली गोड्या पाण्याने धुवा. आधी मिटलात तर वाळू आतच जाते. फिरकीचे लॉक असतील तर उघडून, पुसून, रात्रभर सुटे सुकू द्या. बाथरूमच्या जाळीत काळी वाळू सोडू नका, हॉटेलवाले वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

आणि बर्फच नसेल तर

हेही होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा. सकाळी किनारा गच्च भरलेला आणि संध्याकाळी एकही तुकडा नाही, किंवा उलट. तलावात बर्फ आहे म्हणजे किनाऱ्यावर असेलच असं नाही. वारा उत्तरेचा असेल तर बाहेर पडलेला बर्फ समुद्रात लांब निघून जातो. आधी पुलाच्या पलीकडची बाजू बघून या. एक बाजू रिकामी आणि दुसरी भरलेली हे नेहमीचं आहे. दोन्ही रिकाम्या असतील तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा, म्हणजे साडेबारा तासांच्या आत. त्यासाठी मुक्काम जवळ लागतो. रेक्याविक साधारण ३७५ किलोमीटरवर आहे, एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्यांच्या हातात एकच भरती येते. पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर हॉफ्न गाव आहे, तिथे दोन रात्री काढल्या तर तीन-चार भरत्या मिळतात. तोवर तलावाच्या काठावर जा. तिथे लाटा नाहीत, मीठ कमी, ट्रायपॉड खचत नाही, आणि पुलाखालून बाहेर जाणारे तुकडे मोजत उभं राहिलं की संध्याकाळी किनाऱ्यावर काय मिळेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.